घर विकण्याआधी



घर कसे बांधावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज घर कसे विकावे हे सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, मास्तर, घर विकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. खरे आहे. पण वेळ येते. कापसाला भाव नसतो. दवाखान्याचे बिल येते. पोराला शिकायला अकोल्याला नाही तर अमरावतीला ठेवायचे असते. मग माणूस घराकडे पाहतो. आणि नेमका त्याच वेळी एक जण दारात येऊन उभा राहतो. खांद्याला पिशवी असते. बोलणे कसे चालते ते ऐका.

"काका, घर इकता म्हने?"

"इचार हाय, भाऊ."

"बांधकामाच्या परवानगीचा कागद हाय का?"

"समोरचं घर बापाजाद्यापासूनचं हाय. मांगच्या दोन सिलॅपच्या खोल्या पोरानं काढल्या. त्याचा कागद काई नाई."

"राहू द्या, मले कागद नाईच पाह्यजे. जसं हाय तसं घेतो. नगदी देतो. पन सहा लाख नाई, चार देईन. अन् खरेदीत दोनच लिहू. तुमाले बी त्रास नाई, मले बी नाई."

ऐकायला किती गोड! ना अर्ज, ना फेरी. आठ दिवसांत पैसे हातात. पण तुम्ही आता जोडाक्षरे सोडवून वाचायला शिकला आहात. तसेच हे बोलणेही सोडवून पाहू.

आधी परवानगीचा कागद घेऊ. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ साली झाला. त्यात लिहिले आहे की गावात कोणाला नवे घर बांधायचे असेल, किंवा पडलेले पुन्हा उभारायचे असेल, तर त्याने आधी पंचायतीची परवानगी घ्यावी. आपल्याकडे रीत उलटी. आधी विटा येतात, मग रेती येते, मग गवंडी येतो. स्लॅब पडला की जेवण होते. परवानगीची आठवण येते ती घर विकताना, नाही तर भावाभावांत भांडण लागल्यावर.

पुष्कळांना वाटते, आपण घरटॅक्स भरतो, नमुना आठवर आपले नाव आहे, म्हणजे सारे झाले. तसे नाही. नमुना आठ हे कर आकारणीचे पुस्तक आहे. कर कोणाकडून घ्यायचा, एवढेच ते सांगते. जागा कोणाच्या मालकीची, खोली परवानगीने बांधली की नाही, हे ते सांगत नाही. पावती जपून ठेवा, ती उपयोगी आहे. पण तिला खरेदीखत समजू नका.

आता बिनपरवाना घर म्हटले तरी सगळी घरे एका मापाची नसतात. इथेच पुष्कळांचा घोळ होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पहिले घर असे. जागा आपली आहे, गावठाणातली आहे. नुसती परवानगी घ्यायची राहिली. हे दुखणे साधे. औषध मिळू शकते. पंचायतीत अर्ज करायचा, घराचा नकाशा जोडायचा, नियमाप्रमाणे जे शुल्क आणि दंड असेल तो भरायचा. नियमात बसत असेल तर बांधकाम कायम होते. सगळेच बसेल असे नाही. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून खिडकी त्याच्या अंगणात उघडली असेल, तर ती खिडकी बुजवावी लागेल. एक ध्यानात ठेवा. ग्रामसेवक म्हणाले "होऊन जाईल", तर ते उत्तर नव्हे. उत्तर कागदावर घ्यावे, त्यावर शिक्का असावा.

दुसरे घर शेतात पाडलेल्या प्लॉटवरचे. अकोल्याच्या कडेने अशा वस्त्या उभ्या आहेत. शेतमालकाने एकराचे गुंठे केले, खडूने रेघा मारल्या आणि एकेक तुकडा विकला. जमीन अकृषक झाली नाही, रस्ता सोडला नाही, नाली नाही. लोकांनी पोटाला चिमटा काढून तिथे घरे बांधली. यांच्यासाठी राज्याने २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला. तेव्हा तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटांना होता. २०२१ साली सुधारणा झाली आणि ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. ज्यांचे घर यात बसते, त्यांनी विकण्याआधी ते नियमित करून घ्यावे. नियमित केलेल्या घराला आणि न केलेल्या घराला एक भाव येत नाही.

तिसरे घर मात्र अवघड. खोली आपली, पण तिच्या खालची जागा आपली नाही. कोणी बोळात दोन हात पुढे सरकला. कोणी ढोराचा कोठा रस्त्यावर आणला. कोणी ई-क्लासच्या जमिनीवर घर बांधले. ही जमीन गावाच्या ढोरांची, आपण तिला गायरान म्हणतो. जी वस्तू आपली नाही ती विकता कशी येईल? शेजाऱ्याचा बैल आपण बाजारात नेतो का?

पंजाबात पतियाळा जिल्ह्यात रोहर जागीर नावाचे गाव आहे. तिथे गावाच्या तळ्याची जागा काही जणांनी बुजवली आणि घरे बांधली. जिल्हाधिकाऱ्यांनी म्हटले, बांधलीच आहेत तर किंमत घेऊन द्या. भांडण शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सांगितले, गावाची सामाईक जागा अशी देता येत नाही, ती गावाला परत करा. आणि सगळ्या राज्यांना लिहिले की अशी अतिक्रमणे काढण्याची व्यवस्था करा. तळे पंजाबातले, पण निकाल आपल्यालाही लागू आहे. सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा आपल्याकडे ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही, हे तर तुम्ही निवडणुकीत पाहिलेच असेल. एरवी न सापडणारी अतिक्रमणे निवडणूक आली की बरोबर सापडतात!

सरकारने घरासाठी म्हणून दिलेली जागाही बहुधा अटीवर असते. तिच्या कागदावर "वर्ग २" असे लिहिलेले असते. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तेवढा शब्द कागदावर शोधून वाचा.

मग आपले घर या तिघांपैकी कोणते, हे कळावे कसे? मोजणीने. तालुक्याला भूमी अभिलेखाचे कार्यालय असते. तिथे अर्ज करून फी भरली की मोजणीदार येतो आणि हद्द दाखवतो. २४ एप्रिल २०२० पासून देशात स्वामित्व नावाची योजना सुरू आहे. तिच्यात विमानासारखे छोटे यंत्र गावावरून उडवून गावठाणातल्या घरांची मोजणी करतात आणि मिळकत पत्रिका देतात. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर आपली पत्रिका मागून घ्या. तिच्यावरचे क्षेत्र आणि आपले घर दोरीने मोजून ताडून पाहा. दोन्ही जुळले तर छाती पुढे करून भाव सांगता येतो. जुळले नाही, तर किती हात कमी पडते ते घेणाऱ्याच्या आधी आपल्याला कळते.

आता मी ज्याला खरे दुखणे म्हणतो त्याकडे येतो. कागदाचा दोष डोळ्यांना दिसत नाही. तसाच भिंतीचा दोषही चुन्याखाली झाकता येतो.

आपल्या वऱ्हाडाची माती काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. पाया खाली मुरमापर्यंत नेला नाही तर भिंत मातीबरोबर हलते. जुनी माणसे हे जाणत होती. धाब्याच्या घराची मातीची भिंत हात-दीड हात जाड असे. ती हलली तरी सावरत असे. पोराने तिच्याच आधाराला नवी भिंत घातली, वर स्लॅब टाकला, की कोपऱ्यात तिरपी भेग येते. त्यात पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो आहे. विहिरीचे पाणी खारे. त्याच पाण्यात सिमेंट कालवले तर आतले लोखंड गंजते. विटांना लोणा लागतो, भिंतीला पांढरे फूल येते, पोपडे निघतात. बांधकामाला नकाशा नाही, कोणी जाणता पाहून गेला नाही. मग लोखंड किती घातले हे एका गवंड्याला ठाऊक आणि एका देवाला.

घर विकायचे ठरले की पहिले काम काय होते? भेगेत सिमेंट भरतात आणि वरून रंग देतात. घर उजळ दिसावे म्हणून रंग देणे वेगळे. भेग लपावी म्हणून रंग देणे वेगळे. अमरावतीत प्रभात चौकात ३० ऑक्टोबर २०२२ रोजी जुनी इमारत कोसळली. पाच माणसे गेली. इमारत खचली की ती आत कोण आहे हे पाहत नाही. मालक, भाडेकरू, कामाला आलेला माणूस, सारे तिला सारखेच.

याविषयी कायदा फार जुना आहे. १८८२ सालचा, इंग्रजांच्या वेळचा. मिळकत एकाकडून दुसऱ्याकडे कशी जावी हे त्यात सांगितले आहे. त्यात विकणाऱ्यावर एक बंधन घातले आहे. घरात किंवा घराच्या हक्कात काही मोठा दोष असेल, तो विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला साध्या नजरेने दिसण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो आपण होऊन सांगितला पाहिजे. लपवला तर ती लबाडी धरली जाते. मग घेणारा कोर्टात जाऊन पैसे परत मागू शकतो, फसवणुकीची फिर्याद देऊ शकतो. "त्याने विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही" हे तिथे चालत नाही.

आता नीट पाहा. बिनपरवाना खोली असलेले घर विकूच नये, असे हा कायदा म्हणत नाही. जागा आपली असेल तर विकता येते. फक्त सांगून विकावे.

बिनपरवाना बांधून विकलेल्या घरांचे काय होते, याचे मोठे उदाहरण मुंबईला घडले. वरळीला कॅम्पा कोला नावाची वसाहत आहे. परवानगी पाच मजल्यांची होती. १९८० नंतरच्या दशकात बांधणाऱ्यांनी मजल्यावर मजले चढवले. एक इमारत तर वीस मजल्यांवर नेली. लोकांनी पैसे मोजून घरे घेतली, संसार मांडले. पंचवीस-तीस वर्षे गेली. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले. २०१४ च्या जूनमध्ये महापालिकेची माणसे जोडण्या तोडायला आली. म्हाताऱ्या बायका फाटक धरून उभ्या होत्या. शिकलेली, चार पैसे बाळगून असलेली ती माणसे. त्यांची ही गत झाली. अगदी अलीकडे, १७ डिसेंबर २०२४ रोजी, मीरतच्या एका खटल्यात न्यायालयाने पुन्हा बजावले: कितीही वर्षे झाली, कितीही पैसा घातला, तरी तेवढ्याने बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. बँकांनाही सांगितले की कागद तपासल्याशिवाय कर्ज देऊ नका.

आता पिशवीवाला आपल्याकडेच का येतो ते कळेल. बिनपरवाना घराला बँक कर्ज देत नाही. म्हणून नोकरदार गिऱ्हाईक येत नाही. उरतो तो ज्याच्या गाठीला पैसा आहे तो. गिऱ्हाईक एकच, आणि आपण अडलेले. सहाचे चार तिथेच होतात. यात त्याचे काही चुकते असे मी म्हणत नाही. धोका तो घेतो, भाव तो पाडतो. व्यापार आहे. पण मोजणी, नकाशा, दंड हे सारे मिळून लाखाच्या आत भागत असेल, तर दोन लाख का सोडायचे? हे गणित आपण घरी पाटीवर मांडून पाहावे. घाई खरीच असेल, दवाखान्यात माणूस पडलेले असेल, तर चार लाखांनाही विकावे लागेल. त्याला इलाज नाही. पण तेव्हाही पुढचे ऐका.

तो म्हणाला, नगदी देतो. नगदी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, त्याच्याजवळ पूर्ण रक्कम तयार आहे, कर्जाची वाट पाहायची नाही. असा गिऱ्हाईक चांगला. तो बँकेतून एका दिवसात पैसे पाठवू शकतो. दुसरा अर्थ पिशवीतल्या नोटा. इथे सावध व्हा. १ जून २०१५ पासून नियम असा आहे की घराच्या किंवा जमिनीच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा जास्त रक्कम रोख घेता येत नाही. इसारही यातच आला. नियम मोडला तर जेवढी रक्कम रोख घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. आणि हा दंड कोणाला? देणाऱ्याला नाही. घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला. दोघांचेही उत्पन्न शेतीचे असेल आणि दोघांपैकी कोणालाच आयकर लागत नसेल, तर सूट आहे. पण पिशवीवाला तसा असतो का, ते तुम्हीच पाहा.

तो असेही म्हणाला, खरेदीत दोनच लिहू. आता ही गोष्ट मला शाळेतल्या रजिस्टरावरून सांगता येईल. तुमच्यातल्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? हात वर करा. पाहा, किती हात! एकाच दिवशी गावात एवढे पाळणे हलले होते काय? आईबापांना तारीख ठाऊक नसे, शाळेत नाव घालताना १ जून लिहिली जाई. पण एकदा लिहिली की तीच खरी. नोकरी तिच्यावर, निवृत्ती तिच्यावर, पेन्शन तिच्यावर. खरेदीखताचे तसेच आहे. त्यात दोन लाख लिहिले की किंमत दोन लाख. वरचे दोन लाख दिवाळीनंतर देतो म्हणून त्याने दिले नाहीत, तर कोर्टात काय दाखवणार? लिहिलेल्या दस्ताच्या उलट तोंडी बोलणे कोर्ट सहसा ऐकत नाही. शिवाय आपण तिथे कबूल करून आलेले असतो की सगळे पैसे मिळाले.

बरे, कमी लिहून मुद्रांक वाचतो म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. सरकारचा दरवर्षीचा भावाचा तक्ता असतो. खरेदीतली किंमत आणि तक्त्यातली किंमत, यांपैकी जी जास्त तिच्यावर मुद्रांक लागतो.

नोटांचे एक दुखणे आणखी आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. कणगीत, उतरंडीत ठेवलेला घराचा पैसा घेऊन माणसे बँकेपुढे रांगेत उभी राहिली. कुठून आणला, असे विचारल्यावर दाखवायला कागद नव्हता.

काही जण याहून सोपी वाट दाखवतात. रजिस्ट्री नकोच म्हणतात. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहू, नोटरी करू, नाही तर मुखत्यारपत्र करून द्या. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत नोंदणी केलेल्या दस्तानेच विकली जाते, हे त्याच १८८२ च्या कायद्यात आहे. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे होते काय? घरात तो राहतो आणि कागदावर मालक तुम्ही. त्याने वर आणखी एक मजला चढवला तरी नोटीस तुमच्या नावाने.

तर मग कागद कसा लिहावा? मी एक नमुना लिहून आणला आहे. हळूहळू वाचा, मुद्दाम सोपा ठेवला आहे.

"या घराच्या मागील बाजूस दोन खोल्या आहेत. त्या ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय बांधलेल्या आहेत. त्यांच्या पूर्वेकडील भिंतीस भेग आहे. या गोष्टी विकणाऱ्याने घेणाऱ्यास सांगितल्या आहेत. घेणाऱ्याने घर व कागद स्वतः पाहिले आहेत. हे सर्व ध्यानात घेऊन किंमत ठरवली आहे. ती पूर्ण किंमत बँकेमार्फत दिली आहे."

दस्त लिहिणाऱ्याला किंवा वकिलाला सांगा, हे वाक्य चतुःसीमेच्या खाली घाला. ते नाही म्हणाले तर का नाही, ते विचारा. चेक घेतला असेल तर तो वटल्याशिवाय कब्जा देऊ नका. घर वाडवडिलांचे असेल तर बहिणींना आधी बोलवा. २००५ सालच्या दुरुस्तीने मुलीचा हिस्सा मुलाएवढाच झाला आहे. "ती कुठे मागते" म्हणून सही टाळली की पुढे तीच खरेदी अडते.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तुमचा फोटो निघेल, अंगठा घेतील, दस्त कबूल आहे का विचारतील. त्याआधी तो दस्त स्वतः वाचा. गर्दी असते, मागचा माणूस घाई करतो, करू द्या. अडलेल्या शब्दावर बोट ठेवून विचारा. किंमत अंकी आणि अक्षरी दोन्ही पाहा. झालेल्या दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक दोन मागून घ्या. मग पंचायतीत अर्ज देऊन नमुना आठवरचे आपले नाव कमी करा, आणि विजेचे मीटरही त्याच्या नावावर करून द्या. ते राहिले तर घर जाते आणि बिल मात्र आपल्याकडे येत राहते.